झोपलेली माती

“पाय उचलू नका!”

सरांनी मला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. उदगीर स्टेशनजवळच्या एका जुन्या धान्याच्या गोदामाच्या दारात मी उभी होते. एक पाय उंबऱ्याबाहेर, एक आत. आतला पाय घोट्यापर्यंत कशात तरी रुतला होता आणि ते काय आहे हे बघायला मी खाली वाकणार, तेवढ्यात अंगणाच्या पलीकडून हा आवाज आला. ओरडणारा माणूस पन्नाशीच्या पुढचा, उंच, किडकिडीत, भर उन्हात पूर्ण बाह्यांचा पांढराशुभ्र शर्ट घातलेला. तो धावत आला नाही. झपाझप चालत आला आणि थोडं अंतर राखून थांबला.

“उचलला तर उडंल. श्वास धरा. पाय तसाच मागं ओढा. हळू... आणखी हळू.”

मी पाय बाहेर ओढला. बूट चॉकलेटी भुकटीनं माखला होता. ती माती नव्हती. वर तुळयांना शेकडो वटवाघळं लटकलेली होती आणि वर्षानुवर्षं त्यांच्या खाली साठलेल्या विष्ठेची ती साय होती.

मग त्यांनी माझं नाव विचारलं नाही, कुठल्या कॉलेजची तेही नाही. “दमा आहे का? शुगर? रोजची कसली गोळी? घरात तान्हं लेकरू?” मी सगळ्याला नाही म्हटलं. “मग चला. आधी बूट धुवा. झटकू नका, धुवा.”

गोदाम पाडून तिथं नवं कोठार बांधायचं काम ज्या कंपनीकडे होतं, तिचे सर प्रकल्पप्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली नव्यानं लागलेली, लातूरची पोर. पुढे जवळपास वर्षभर आम्ही एकत्र होतो. माझं नाव त्यांनी तोंडातून काढलेलं मला आठवत नाही. मी कायमची ‘इंजिनीअरबाई’.

त्यांचा तो पांढरा शर्ट हा साइटवर चेष्टेचा विषय होता. मातीच्या कामावर पांढरं कोण घालतं? पण संध्याकाळी ते शर्टाची कॉलर उलटी करून उजेडात धरत आणि तिच्यावरची रेघ बघत. रेघ गडद असली की दुसऱ्या दिवशी काम उशिरा सुरू होई. आधी पाण्याचा फवारा वाढे, माणसांच्या जागा बदलत. “यंत्र कशाला पाहिजे? हे माझं मीटर,” म्हणत.

कुठेही गेले तरी ते आधी वारा बघत. चिमूटभर माती बोटांतून सोडायची आणि ती कुठे जाते ते पाहायचं. देवळाचा झेंडा, दर्ग्यावरची चादर, तारेवरचं वाळत घातलेलं धोतर, सगळ्यांकडे ते वाऱ्यासाठीच बघत. एकदा लोह्याला त्यांच्या भाचीच्या लग्नात मांडवात त्यांनी व्याह्यांची अख्खी रांग उठवून दुसऱ्या बाजूला बसवली होती, कारण मागच्या वाड्याच्या पडवीत कबुतरं होती आणि कुणीतरी ती झाडायला घेतली होती. व्याही रुसले. सरांच्या बायको मला सांगत होत्या, “बाई, आमच्या घरी कोरडा झाडू चालत न्हाई. फडकं ओलं करून मगच. माझी सासू म्हणायची, हा माणूस मागल्या जन्मी मासा होता.”

चहाच्या टपरीवर मालकानं झाडू उचलला की सर आपल्या ग्लासातलं पाणी जमिनीवर शिंपडत. टपरीवाला वैतागायचा. सर शांतपणे म्हणत, “माती झोपलीय. तिला उठवू नका.”

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. वटवाघळांच्या, कबुतरांच्या विष्ठेनं खतावलेल्या मातीत एक बुरशी वाढते, डोळ्यांना न दिसणारी. ती जमिनीत पडून असते तोवर कुणाचं काही बिघडवत नाही. माती कोरडी असताना फावडं मारलं, भिंत पाडली, झाडू फिरवला, की तिचे कण हवेत उठतात आणि श्वासाबरोबर थेट छातीत उतरतात. हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात इतक्या वेळा सांगितलं की मी घरी आईला झाडताना थांबवू लागले.

वटवाघळांवर मात्र त्यांचा राग नव्हता. गोदामाच्या झरोक्यांना त्यांनी जाळ्या लावून घेतल्या त्या अशा की संध्याकाळी वटवाघळांना बाहेर पडता यावं पण परत शिरता येऊ नये. त्याआधी त्यांची पिल्लं उडती व्हावीत म्हणून त्यांनी काम थांबवून ठेवलं होतं. गोदामाचे मालक हताश झाले. “इंजिनीअर, तुमी वागळाची बाळंतपणं कराया आलाव का?”

हे मालक म्हणजे अप्पा. उदगीरच्या अडत बाजारातलं जुनं घराणं, कपाळाला विभूती, बोलणं तुटक. माणूस वाईट नव्हता. मिरगाच्या आत नव्या कोठाराचा पाया भरला नाही तर येत्या हंगामात सोयाबीन-तूर ठेवायची कुठे, ही त्यांची काळजी खरी होती. रोज सकाळी ते फाटकाशी येऊन उभे राहत आणि गोदामाकडे नव्हे, आभाळाकडे बघत.

सरांचा दुसरा पेच होता मुकादमाशी. रज्जाकभाई उदगीरचेच, त्यांच्या तीन पिढ्या जुनी बांधकामं उतरवण्याच्या धंद्यात. त्यांना लांब पांढरी दाढी. आत जाणाऱ्या प्रत्येकानं चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावायचा आणि दाढी असली की मास्क कडेनं उघडा राहतो, हे सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. रज्जाकभाईंच्या टोळीतल्या गड्यांनी मान खाली घातली.

“साब, बाकी काही बी सांगा,” रज्जाकभाई म्हणाले. “दाढी काढ म्हणू नका.”

“मी कुठं म्हणालो काढा? दाढी ठेवा. आत जाऊ नका.”

“मुकादम बाहेर थांबंल अन् गडी आत जातील? आमच्यात असं नसतं.”

“मग आजपासून असतं.” सरांचा आवाज चढला नाही. “पाण्याचा पंप, नळी, फवारा, सगळं तुमच्या हातात. तुम्ही पाणी सोडल्याशिवाय आत एक फावडं उचललं जाणार न्हाई. तुम्ही हात वर केला की काम बंद. माझं बी ऐकायचं न्हाई त्यांनी, तुमचंच.”

रज्जाकभाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग नळी खांद्यावर टाकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी पंपापाशी हजर होते.

पण पंपाला पाणी पाहिजे. आणि तो उन्हाळा होता.

उदगीरच्या त्या भागात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. सरांनी टँकर मागवला. तो फाटकातून आत वळणार, तोच पलीकडच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन आडव्या झाल्या. पुढे एक तिशीतली, सडपातळ बाई. तिचं नाव शकुंतला, हे मला नंतर कळलं. तिनं घागर टँकरच्या पुढच्या चाकाखाली ठेवली. “चालवा गाडी.”

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ती हलली नाही.

सर बाहेर आले. ती त्यांच्यावर उखडली. “आमच्या घागरी कोरड्या हायत अन् तुमी वागळाच्या लेंड्या भिजवायलाव? लेकरास्नी काय पाजू, सांगा की!”

मी सरांकडे बघत होते. आता धूळ, बुरशी, छाती हे सगळं ते हिला समजावून सांगणार असं मला वाटलं. ते टँकरपाशी गेले. मग ड्रायव्हरला म्हणाले, “इथंच रिकामा कर. यांना दे.”

“सगळा?”

“सगळा.”

आणि गोदामाचं काम त्यांनी बंद केलं. पाण्याशिवाय तिथं फावडं लागणार नाही, हे अप्पांना तोंडावर सांगितलं. गोदामामागे एक बुजत आलेली विहीर होती, तिचं पाणी खारट, जनावरंसुद्धा तोंड लावत नसत. ती उपसून तिच्यावर मोटर बसवायची असं त्यांनी ठरवलं. त्याला वेळ लागणार होता. गड्यांना तोवर सुट्टी. अप्पा त्या दिवशी फाटकातून तडक निघून गेले.

त्याच दिवसांत, विहिरीच्या काठावर बसलेलो असताना, सरांनी मला त्यांची स्वतःची गोष्ट सांगितली. तरुणपणी लोह्याच्या बाजूला एका कोरड्या बारवेतला गाळ काढायचं काम त्यांच्याकडे होतं. कमानीखाली वटवाघळं. उन्हाळ्यात सगळे गाळ उपसत होते, धुळीनं एकमेकांची तोंडं दिसत नव्हती आणि त्यावर हसत होते. महिनाभरात त्यांना ताप, खोकला, वजन उतरलं. टीबी म्हणून औषधं सुरू झाली. उतार पडेना. त्यांच्याबरोबरचा मुकादम टीबीच्याच नावावर गेला. शेवटी हैदराबादला एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही काम काय करता? त्या प्रश्नानं ते वाचले. तोवर फुप्फुसाचा एक भाग कायमचा वाळून गेला होता. म्हणूनच जिना चढताना ते मध्येच थांबत आणि काहीतरी विसरल्याचा बहाणा करून खिसे चाचपत.

“त्याच्या आधी कुणीच विचारलं न्हाई,” ते म्हणाले. “कुणाची चूक नव्हती. इकडं खोकला म्हटलं की टीबीच असतो बहुतेकदा. पण विचारलं न्हाई.”

दर थोड्या महिन्यांनी त्यांना नांदेडला छाती तपासून यावं लागे. विहिरीवर मोटर बसली, दुसऱ्या दिवशी पाणी सुरू करायचं होतं, आणि नेमकी त्याच दिवशी त्यांची तपासणी आली. सकाळच्या गाडीनं ते गेले. जाताना म्हणाले, “आज कुणी आत जाऊ नये. एवढंच बघा.”

ते नांदेडला पोचले असतील-नसतील, तेवढ्यात जेसीबी आला. मागे टिप्पर, टिप्परमध्ये अनोळखी गडी, दुसऱ्याच कुठल्या ठेकेदाराचे. आणि जेसीबीच्या पुढे अप्पांची गाडी.

मी माझी स्कूटी फाटकात आडवी लावली. अप्पा माझ्याशी रागानं बोलले नाहीत. “बेटा, तू नोकरीवाली हायस. मी तुज्यावर काही येऊ देणार न्हाई. सरक.” मी नाही म्हटलं. त्यांच्या माणसांनी स्कूटी उचलून बाजूला ठेवली, एखादी खुर्ची ठेवावी तशी.

जेसीबीचा पंजा पहिल्या भिंतीला लागला आणि माळा खाली आला. आवाज आधी आला, धूळ मागून. गोदामाच्या दारातून, झरोक्यांतून, फुटलेल्या भिंतीतून ती बाहेर पडली, चॉकलेटी, जाड. तिच्यातून उरलीसुरली वटवाघळं भर दिवसा बाहेर आली आणि आंधळ्यासारखी अंगणात गोल फिरू लागली. गडी तोंडाला उपरणी बांधून फावडी-घमेली घेऊन आत शिरले. त्यांच्यात मला आमच्या टोळीतला एक चेहरा दिसला. नामदेव. शकुंतलेचा नवरा. काम बंद म्हणून बसून होता, तो तिकडे गेला होता.

मी सरांना फोन लावला. घाईत दोनदा चुकीचं नाव दाबलं गेलं.

“आत जाऊ नका,” ते म्हणाले. ते धापा टाकत होते. बहुतेक दवाखान्याच्या जिन्यावर होते. “वारा कुठं जायला?”

मी बघितलं. “वस्तीकडं.”

“मंग वस्ती सांभाळा. दारं-खिडक्या बंद करायला लावा. म्हातारी माणसं, लेकरं आतल्या खोलीत. जा. मी निघालो.”

मी गल्लीतून पळत दारं ठोकत गेले. बाया हसत होत्या, मग मागे वळून धुळीकडे बघत होत्या आणि हसू थांबत होतं. परत आले तेव्हा रज्जाकभाई आले होते. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. त्यांनी मोटर चालू केली होती आणि अंगणातूनच, लांबून, फुटलेल्या भिंतीवर पाण्याचा फवारा धरला होता. त्यांची दाढी ओल्या पंच्यानं बांधलेली. पाणी पोचत होतं त्यापेक्षा धूळ जास्त उठत होती. मी ओरडून आतल्यांना बाहेर बोलावत होते, जेसीबीच्या आवाजात माझंच मला ऐकू येत नव्हतं.

दुपार टळायच्या आत सरांची भाड्याची गाडी फाटकात थांबली. ते उतरले आणि त्यांनी आधी पिशवीतून मास्क काढून तोंडाला लावला. पट्टा डोक्यामागे ओढला. नाकावरची पट्टी दाबली. दोन्ही हात मास्कवर धरून फुंकून पाहिलं, कडेनं हवा येते का. पुन्हा पट्टा ओढला. मला किंचाळावंसं वाटत होतं, आत माणसं आहेत हो! मग ते त्या धुळीत शिरले आणि दिसेनासे झाले.

मला आठवतो तो जेसीबी बंद पडल्याचा क्षण. आवाज थांबला आणि खोकल्याचे आवाज ऐकू यायला लागले.

एकेका गड्याला दंडाला धरून त्यांनी बाहेर आणलं. शेवटचा नामदेव. त्याचे फक्त डोळे आणि दात दिसत होते. अप्पा पुढे झाले. “इंजिनीअर, माझी जागा हाय ही.”

“जागा तुमची हाय, अप्पा,” सर मास्कमधून म्हणाले. “छाती त्यांची हाय.” आणि पुढे काही बोलायचं होतं ते खोकल्यात गेलं.

त्यांनी सगळ्यांना विहिरीच्या पाण्याखाली बसवून आंघोळी घातल्या. रज्जाकभाईंनी बाजारातून लुंग्या-बनियन आणले. जुने कपडे गोण्यांत बांधून घेतले. अंगणात नव्या लुंग्यांतले गडी एकमेकांची थट्टा करत उभे होते. सर प्रत्येकापुढे जाऊन सांगत होते, “ताप आला, खोकला आला, दम लागला, की मला सांगा. डॉक्टरकडं जाल तेव्हा म्हणा, वागळाच्या मातीत काम केलंय. हे विसरू नका. म्हणून दाखवा.” गडी हसत हसत शाळेसारखं म्हणून दाखवत होते.

मग वाट बघणं सुरू झालं. हा काळ मला सगळ्यात जड गेला. काम बंद. गोदाम अर्धं पडलेलं, ताडपत्रीनं झाकलेलं. सर रोज संध्याकाळी वस्तीत जात, त्या गड्यांच्या दारात उभे राहत. “ताप?” “न्हाई साहेब.” लोक त्यांना ‘तापवाले साहेब’ म्हणायला लागले. त्यांना स्वतःला खोकला सुरू झाला होता आणि तो ते माझ्यापासून लपवत होते. खोकायचं झालं की विहिरीच्या मागे जात. नांदेडच्या डॉक्टरांनी नंतर पुन्हा फोटो काढला. छातीत नवीन काही नव्हतं, जुनंच खवळलं होतं. पण पुन्हा तसल्या धुळीत पाऊल टाकायचं नाही, असं त्यांना बजावलं. ते कळेपर्यंत मात्र मी त्यांच्या प्रत्येक श्वासाकडे कान लावून बसायची.

दिवस गेले, कुणाला काही झालं नाही. मला वाटायला लागलं की सरांनी उगीच एवढं घाबरवलं. अप्पाही पुन्हा फाटकाशी येऊन उभे राहू लागले.

आणि एका सकाळी शकुंतला साइटवर आली. घागर नव्हती हातात. “त्यो उठंना,” ती म्हणाली. “ताप उतरंना झालाय. बोललं की दम लागायलाय.”

नामदेव आधीच दोन दिवस आजारी होता; संध्याकाळी सर दारात आले की आतून “ठीक हाय” म्हणायचा. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून औषध दिलं होतं. आता फोटो काढला, त्यात दोन्ही बाजूंना ठिपके. डॉक्टर म्हणाले, टीबी दिसतोय. सर त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. “असंल बी, साहेब. पण हा माणूस वागळाच्या मातीत काम करून आलाय. तेवढं एक तपासून घ्या.” डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि लातूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली.

जीपमध्ये नामदेव मागे शकुंतलेच्या मांडीवर डोकं ठेवून. त्याचा श्वास रस्त्यावरच्या खड्ड्यांबरोबर अडकायचा. लातूरला एक तरुण डॉक्टरबाई आल्या. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, फोटो उजेडात धरला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “हे काम काय करतात?”

सर उत्तर देणार होते. ते खिडकीकडे वळले. उत्तर मी दिलं.

बुरशीच निघाली. शिरेतून औषध सुरू झालं. पहिले काही दिवस डॉक्टरबाई काहीच खात्रीनं सांगत नव्हत्या. नामदेवच्या तोंडाला ऑक्सिजन, शकुंतला खाली जमिनीवर. सर रोज उदगीरहून येत, बाहेर बाकावर बसत. एकदा अप्पाही आले. हातात फळांची पिशवी होती, ती कुणाला द्यावी हे त्यांना कळेना. ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले.

त्या बाकापाशीच शकुंतला सरांना म्हणाली. ओरडली नाही. “साहेब, तुमी तवा पाणी दिलं आमाला. पाणी दिलं म्हणून तुमचं काम बंद पडलं. काम बंद पडलं म्हणून त्यो तिकडं गेला. तवा पाणी दिलं नसतं तर?”

अप्पा मध्ये बोलायला गेले, “बाई, ते माज्यामुळं...” तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती सरांकडेच बघत होती.

पाणी दिलं नसतं तर तिची लेकरं तहानलेली राहिली असती, हे ते म्हणू शकले असते. जेसीबी आपण आणला नाही, हेही. ते बाकावरून उठले. नुसते उभे राहिले, मान खाली घालून, ती आत जाईपर्यंत.

नामदेव वाचला. सावकाश. घरी आला तेव्हा उंबऱ्यापासून चुलीपर्यंत चालताना टेकत होता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोळ्या कित्येक महिने चालतील, धुळीचं, मातीचं काम इतक्यात नाही.

इकडे अप्पांनी सरांना निरोप पाठवला: तुमच्या रीतीनं करा, मिरग गेला तरी चालंल. विहिरीचं पाणी होतं, मास्क होते, अंगावर घालायचे कपडे, हात-पाय धुवायची जागा, सगळं होतं. फक्त आत जायला कुणी तयार नव्हतं. नामदेवचं सगळ्या वस्तीनं पाहिलं होतं. रज्जाकभाईंचे जुने गडीसुद्धा फाटकापर्यंत येत आणि विहिरीपाशी बसून राहत. सरांनी सगळं पुन्हा समजावलं, मास्क घालून दाखवले, फवारा मारून दाखवला. गडी ऐकत आणि जमिनीकडे बघत. सरांना आत जायला डॉक्टरांनी मनाई केली होती. मी जाते म्हटलं, तर म्हणाले, “तुम्ही गेलात तर ते म्हणतील, साहेबाची माणसं, त्यांचं काय.”

त्या दिवशी शकुंतला आली आणि थेट मास्कच्या पेटीपाशी गेली. “मला कामावर घ्या.”

“विटा भिजवायचं काम हाय, या की,” सर पटकन म्हणाले.

“ते न्हाई. आतलं.”

सर पेटीच्या आणि तिच्या मध्ये जाऊन उभे राहिले. “न्हाई.”

“कामून न्हाई?”

“तुमच्या घरात एक माणूस अंथरुणावर हाय.”

“म्हणूनच. त्यो बसून हाय, मला करावं लागंल. अन् तुमी म्हणताव पाणी मारून, हे तोंडाला लावून गेलं तर काही व्हत न्हाई. खरं हाय का न्हाई?”

“खरं हाय.”

“मंग मला कामून अडवायलाव?”

गडी विहिरीपासून उठून जवळ आले होते. रज्जाकभाई नळी हातात धरून थांबले होते. ही सगळी रीत सरांनी आयुष्यभर सांभाळली, लोकांची चेष्टा ऐकली, भांडणं केली; आणि आता ती खरी आहे का, हे ज्या बाईनं विचारावं तिनंच विचारलं होतं. चुकलं तर त्या घरातलं दुसरं माणूस.

त्यांनी तिला दमा विचारला, शुगर विचारली, दिवस गेलेत का हे मला विचारायला लावलं. सगळ्याला नाही. त्यांनी पेटीतून मास्क काढून तिच्या हातात दिला. “वरचा पट्टा डोक्यावर. खालचा मानेवर. नाकापाशी दाबा. फुंका. डोळ्यांकडं हवा लागती का?” ती म्हणाली लागती. पट्टी पुन्हा दाबायला लावली. पुन्हा फुंक. आता नाही. अंगभर कपडा, केस आत, हातमोजे.

रज्जाकभाईंनी फवारा सोडला. बारीक, धुक्यासारखा, जोर न लावता. फरशीवरची चॉकलेटी साय काळी पडली, मग चिकट झाली. त्यांनी हात खाली केला. शकुंतला फावडं घेऊन आत गेली.

सर दारात उभे राहिले. उंबऱ्याच्या बाहेर, जिथपर्यंत त्यांना परवानगी होती तिथपर्यंत. ती ओली माती फावड्यानं उचलून गोणीत भरत होती, गोणीचं तोंड बांधत होती, दुसरी घेत होती. काहीही उडत नव्हतं. सर तरी डोळे मिटत नव्हते. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं आणि प्यायचं विसरले. ऊन त्यांच्यावर आलं, पुढे सरकलं.

ती बाहेर आली. कपडे गोणीत, अंगावर पाणी, शेवटी मास्क. तिच्या नाकावर आणि गालांवर मास्कचा लाल वळ उठला होता. सर तिच्या तोंडाकडे बघत होते.

“खोकला?”

“न्हाई.”

“घसा खवखवतो? डोळे?”

“न्हाई म्हणते की.” ती केस बांधत त्यांच्या मागे बघायला लागली. “साहेब, तुमी जरा सरका.”

“काय झालं?”

“दारातच उभं ऱ्हायलाव. त्यास्नी वाट कुठाय?”

सरांनी वळून पाहिलं. त्यांच्या मागे गडी उभे होते. मास्क बांधलेले, हात नाकावर धरून एकमेकांचे पट्टे तपासत, फुंकून बघत.

सर दारातून बाजूला झाले.